५८ सीसीच्या कटरला ८ दाती स्प्रॉकेट टाकावं का? (आणि एका ‘फिट्ट बसलेल्या’ चेनची गोष्ट)

बांधावरचा

राम राम मंडळी.

शेत दिंडोरी तालुक्यात, राहणं निम्मं शेतावर, निम्मं नाशकात. दोन वर्षांपूर्वी जुनी थॉमसनची बाग काढली तेव्हा ५८ सीसीचं लाकूड कापायचं पेट्रोल कटर (चेनसॉ) घेतलं होतं. चायना मेड, २२ इंची बार (जिच्याभोवती चेन फिरते ती पट्टी). द्राक्षाची खोडं काही फार मोठं काम नव्हतं, ती निभावली. आता ओढ्याकाठच्या तीन बाभळी वादळात आडव्या झाल्यात. वर्षभर तशाच पडून वाळल्या आणि आता नुसतं लोखंड झालंय.

जुनी चेन संपली म्हणून नाशकात एका दुकानात गेलो. जुनी सोबत न्यायला विसरलो, ही माझी चूक. “कितीचा बार?” “बावीस.” त्याने खोकं काढून हातात दिलं. घरी येऊन बसवली तर लांबी तंतोतंत. ताण बसला, झाकण बसलं. हाताने ओढून पाहिली तर सरळ सरकेना, थोडी थोडी अडकत होती. म्हटलं नवीन आहे, रुळेल. मशीन चालू करून रेस दिली मात्र, कटकटकट असा आवाज आला, पत्र्यावर कुणी मूठभर खडे फेकावेत तसा, आणि चेन उतरून खालच्या कॅचरला (उतरलेली चेन अडवतो तो खुंट) लटकली. इजा काही नाही. पण हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू.

दुकानदार फोनवर म्हणतो, “लांबी बरोबर आहे ना? मग चेन बरोबर आहे.” परत घेत नाही म्हणे.

दुसरा प्रश्न. शेजारच्या मळ्यातले भाऊ म्हणतात, स्प्रॉकेट (चेन फिरवणारं मागचं दातेरी चाक) ७ दातांचं आहे ते काढून ८ दातांचं टाक, बाभूळ लोण्यासारखी कापशील. खरं का?

सातपूरचा फिटर

दादा, आधी मशीन बाजूला ठेवा. स्टीलची पट्टी किंवा व्हर्नियर घ्या. चेनचे लागोपाठ तीन रिव्हेट धरा. पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत किती मिलिमीटर येतात ते सांगा. नव्या चेनचं आणि जुन्या चेनचं, दोन्ही. आणि दोन्ही चेनचे खालचे पाय मोजा. पाय म्हणजे बारच्या खाचेत जातात ते, ड्राइव्ह लिंक. कंटाळा करू नका, सगळे मोजा.

बांधावरचा

काका, मोजलं. जुनी : तीन रिव्हेटला साडेसोळा, पाय ८६. नवी : साडेअठराच्या किंचित वर, पाय ७६. दोनदा मोजले, दुसऱ्यांदा मुलीकडून.

सातपूरचा फिटर

मग उत्तर तुमच्याच हातात आलं. तीन रिव्हेटच्या अंतराचं निम्मं म्हणजे पिच. जुनी ८.२५ मिलिमीटर, म्हणजे ०.३२५ इंच. नवी ९.३२, म्हणजे जिला बाजारात ३/८ म्हणतात ती. (आता तुमच्यातला कोणी हुशार म्हणेल की ३/८ इंच म्हणजे ९.५२५ व्हायला हवेत. व्हायला हवेत, पण होत नाहीत. नाव ३/८, माप ९.३२. चेनच्या धंद्यात हे असंच चालत आलंय.)

आता गंमत बघा. जुनी : ८६ गुणिले १६.५ म्हणजे १४१९ मिलिमीटर. नवी : ७६ गुणिले १८.६४ म्हणजे १४१७. अख्ख्या वेढ्यात फरक दोन मिलिमीटरचा! म्हणून तुमचा ताण बरोबर बसला, झाकण बसलं आणि तुम्ही फसलात. दुकानदार लांबीबद्दल खोटं बोलला नाही. पण लांबी हे चेनचं शेवटचं माप आहे, पहिलं नव्हे.

स्प्रॉकेटच्या एका दातामागे चेनचा एक पाय सरकतो. तुमच्या स्प्रॉकेटचे दात साडेसोळाच्या हिशोबाने कापलेले, चेनचे पाय १८.६ वर. पहिला पाय खळग्यात बसला, दुसरा दोन मिलिमीटर पुढे, तिसरा चार मिलिमीटर पुढे, की चढला दाताच्या डोक्यावर. तोच तुमचा कटकटकट. बारच्या टोकाला जी छोटी चक्री असते तिथेही हीच कथा.

म्हणून पिच तीन जागी एक हवा : मागचं स्प्रॉकेट, चेन आणि बारच्या टोकाची चक्री. टोकाला चक्री नसलेला भरीव नाकाचा बार असेल तर त्याला पिचचं सोयरसुतक नाही. तुमच्याकडे चक्रीवाला आहे, तो ०.३२५ चाच असणार. बारच्या बुडाशी कोरलेलं असतं, चिकट भुसा पुसून वाचा.

सुटे दात

काकांनी पाढे म्हणायला लावले सकाळी सकाळी. माझ्या दाढीचा पिच किती हे आता मोजून येतो.

बांधावरचा

वाचलं. ०.३२५, ०.०५८, ८६. दोन वर्षं मशीन वापरतोय, हे आकडे आज पहिल्यांदा पाहिले. मधला ०.०५८ काय?

सातपूरचा फिटर

तो गेज. बारच्या खाचेची रुंदी आणि पायाची जाडी. ०.०५८ म्हणजे दीड मिलिमीटर. बाजारात चार चालतात : १.१, १.३, १.५, १.६. जाड पाय बारीक खाचेत जाणारच नाही, ते बरं, लगेच कळतं. बारीक पाय रुंद खाचेत आरामात जातो, तिथे घात. चेन कलते, काप वाकडा जातो आणि माणूस धारेला शिव्या देत बसतो.

गोदाकाठची वखार

बांधावरचे दादा, ८ दातांच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं म्हणून लिहितेय. आमची लाकडाची वखार आहे, आजोबांपासूनची. तीन मशिनं रोज चालतात, त्यामुळे हा प्रयोग आमच्याकडे झालेला आहे.

बाईकचं पुढचं स्प्रॉकेट एक दात मोठं केलं की काय होतं ते गावात सगळ्यांना माहीत असतं. सरळ रस्त्याला गाडी पळते, घाटाला धाप लागते. इथे अगदी तेच. ७ चे ८ दात केले की इंजिनच्या त्याच फेऱ्यांत चेन सुमारे १४ टक्के जास्त पळते आणि तिची ओढ साडेबारा टक्क्यांनी कमी होते. ताकद कुठून नवीन येत नाही, फक्त वाटणी बदलते.

आमच्याकडे ०.३२५ च्या एका मशीनला ८ चा रिम (सुटं निघणारं स्प्रॉकेट) टाकला होता. ओल्या निलगिरीत मजा आली. फाट्या बारीकच, चेन नुसती सुर्र. मग तेच मशीन कामगाराने सुक्या बाभळीवर नेलं. पहिला काप ठीक. दुसऱ्या कापात बार निम्मा आत गेला आणि इंजिनचा आवाज बसायला लागला, पंखा बंद करताना बसतो तसा. आवाज बसला की तो वरून जोर देणार. जोर दिला की क्लच घसरणार. संध्याकाळी झाकण काढलं तर क्लचचा ड्रम निळा पडलेला. बाबा काही बोलले नाहीत, तो ड्रम त्यांनी गल्ल्याच्या टेबलावर ठेवून दिला. अजून आहे तिथे, पावत्यांवर वजन म्हणून.

पेठरोड

ताई, एवढं पण नाही हो. मी ८ दाती वापरतो, पाच वर्षं झाली. झाडतोडीचा ठेका आहे माझा, परवानगीवाला. काही निळं-बिळं पडलं नाही. माणूस जोर देत असेल तर ७ दाती पण जाळेल.

सातपूरचा फिटर

मशीन किती सीसीचं? बार किती? पिच कुठला?

पेठरोड

७२ सीसी, २० इंची बार, ३/८.

सातपूरचा फिटर

झालं तर. तुमचं इंजिन १४ सीसीने मोठं, बार २ इंचांनी आखूड, आणि बहुतेक काम निलगिरी-सुबाभळीचं. तुमचं ८ बरोबर आहे. त्यांचं ८ त्यांच्या बाभळीला बरोबर नाही. भांडण कशाचं?

हिशोब एकदाचा मांडतो. एका फेरीत चेन किती सरकते = दात × पिच × २.

०.३२५ ला ७ दात : ११५.५ मिलिमीटर.
०.३२५ ला ८ दात : १३२.
३/८ ला ७ दात : १३०.५.
३/८ ला ८ दात : १४९.

कापताना इंजिन ९,००० फेऱ्यांवर टिकलं असं धरा. पहिल्या जोडीत चेन सेकंदाला १७.३ मीटर पळते, दुसरीत १९.८, तिसरीत १९.६, चौथीत २२.४. पहिलीचा वेग म्हणजे ताशी ६२ किलोमीटर. एवढ्या वेगाने धारदार पोलाद तुमच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर पळतंय, हे अर्ध्या चड्डीवर कटर चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

दुसरी आणि तिसरी ओळ पुन्हा वाचा. ०.३२५ ला ८ आणि ३/८ ला ७, जवळजवळ सारखंच गिअरिंग. म्हणजे कोणी म्हणालं की ‘मी ३/८ करून घेतलं, मशीन पळायला लागलं’, तर त्यातला बराच भाग पिचचा नसून नकळत बदललेल्या गिअरचा असतो.

गोदाकाठची वखार

हे नेमकं सांगितलंत काका. पण पिचचा स्वतःचा फरकही असतो ना? दादांच्या जुन्या चेनला ८६ पाय म्हणजे ४३ कटर (चेनवरचे कापणारे दात), नवीला ३८. त्याच बारवर पाच कटर कमी, पण प्रत्येक जाड आणि दणकट. मोठा कटर मोठा घास घेतो, त्याला मागून तेवढी ताकद लागते. लहान पिचचे कटर जास्त, घास लहान, काप गुळगुळीत, हाताला धक्के कमी. आम्ही ४० ते ६० सीसीच्या मशिनांना ०.३२५ ठेवतो आणि ६० च्या वर ३/८. पन्नास-साठच्या पट्ट्यात दोन्ही चालतात, तिथे लोक वाद घालत बसतात.

०.४०४ पण असते. ती ९० सीसीच्या वरची बाब, मोठ्या ओंडक्यांची. आमच्याकडे नाही.

कसमादे एक्सप्रेस

मध्येच विचारतो, माफी. माझ्याकडे ३१ सीसीचं छोटं आहे, १६ इंची बार, डाळिंबाची आणि शेवग्याची छाटणी, कधी लिंबाची फांदी. तीन रिव्हेट मोजले तर १८.६ आलं. म्हणजे मला बांधावरच्या दादांची चेन चालेल का? स्वस्तात देत असतील तर घेतो.

सातपूरचा फिटर

थांबा! बरं झालं विचारलंत, ही दुसरी फसगत.

छोट्या मशिनांना जी येते ती ३/८ लो प्रोफाइल. पट्टीवर मोजलं तर अंतर तेच दिसतं, पण अंगाने ती बुटकी. कटर लहान, पायाचा आकार वेगळा, स्प्रॉकेट वेगळं, बहुधा ६ दाती. दादांची थोरली ३/८, तुमची धाकटी. आडनाव एक, भाऊबंदकी वेगळी. एकीचं स्प्रॉकेट दुसरीला लावू नये. शिवाय त्यांचा पाय दीड मिलिमीटर जाड, तुमच्या बारची खाच बहुतेक १.१ किंवा १.३.

ओळखायचं कसं, तर चेनवरचे शिक्के वाचायचे. स्टिल (Stihl) कंपनीच्या चेनवर कटरपाशी पिचचा आकडा असतो : २ म्हणजे ०.३२५, ३ म्हणजे थोरली ३/८, ६ म्हणजे लो प्रोफाइल. पायावर गेजचा आकडा : १, ३, ५, ६ म्हणजे अनुक्रमे १.१, १.३, १.५, १.६. ओरेगॉन कंपनीच्या चेनला पायावरच पूर्ण नंबर असतो. ९१ म्हणजे लो प्रोफाइल, १.३ ची. २१ म्हणजे ०.३२५, दीडची, म्हणजे बांधावरच्या दादांना हवी तीच. ७३ म्हणजे थोरली ३/८, दीडची. चष्मा लावा, पण वाचा. बिनशिक्क्याची चेन असेल तर दुकानात पट्टी काढायची लाज बाळगू नका.

कसमादे एक्सप्रेस

६ आणि ३ दिसतायत. वाचलो. धन्यवाद काका.

सुटे दात

ओरेगॉनचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो, फक्त टिंगलच करतो असं नको. आज आपण जी चेन वापरतो ती कापायची पद्धत एका अळीकडून घेतलेली आहे. जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता अमेरिकेत, ओरेगॉन राज्यात. त्या वेळच्या चेनला हातकरवतीसारखे टोकदार दात असत, ते लाकूड ओरबाडायचे, पुन्हा पुन्हा धार लावा. १९४६ साली त्याने एका बुंध्यात लाकूड पोखरणारी जाडजूड अळी पाहिली. ती रेषेच्या बाजूने आणि रेषेच्या आडवी, दोन्हीकडे सारख्याच आरामात चालली होती. तिच्या जबड्याची दोन टोकं आलटून पालटून डावीकडे-उजवीकडे कातरत होती. त्याने तसेच एक डावा एक उजवा असे वाकडे कटर करून चेन बनवली आणि १९४७ मध्ये पोर्टलंडला घराच्या तळघरात कंपनी सुरू केली.

आपल्याकडे आंब्याच्या खोडात भिरूड निघतो, तारेने टोचून मारतो आपण. तशाच कुळातला प्राणी. द्राक्षाच्या जुन्या खोडातली अळीसुद्धा त्याच गोतावळ्यातली. कॉक्सने बसून निरखली, आपण रॉकेलचा बोळा घातला.

पेठरोड

हे माहीत नव्हतं. लय भारी.

बांधावरचे दादा, कायद्याचं पण बघून घ्या. बाभळीचं ठीक आहे, पण बांधावरचा आंबा, चिंच, जांभूळ, साग, खैर, मोह असेल तर १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत येतात. स्वतःच्या शेतातलं असलं तरी परवानगी लागते. मनपा हद्दीत तर १९७५ चा झाडांचा कायदा वेगळा. वाळलेलं होतं, पडलेलं होतं, हे नंतर सांगून कोणी ऐकत नाही. आधी पंचनामा, मग कटर.

बांधावरचा

बाभळीच आहेत, आणि तलाठ्याला दाखवून झाल्यात.

काका, ताई, पिच आणि दात डोक्यात बसले. ०.३२५, १.५, ८६ अशी चेन मागवली. ८ दातांचा नाद सोडला. पण एक शंका. जुनी चेन चालू होती तेव्हासुद्धा शेवटी शेवटी कापत नव्हती. धूर यायचा, भुसा पिठासारखा पडायचा. म्हणूनच तर शेजारच्या भाऊंनी ८ दाती सुचवलं.

सातपूरचा फिटर

हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर माझी तीन उत्तरं वाचली असती.

पिठासारखा भुसा म्हणजे धार गेली. धारदार चेन बाभळीतूनही खोबऱ्याच्या जाड किसासारखे तुकडे काढते. बोथट चेनला ८ दाती लावणं म्हणजे बोथट विळा जोरात फिरवणं.

कानस कुठली वापरता? ०.३२५ ला ४.८ मिलिमीटरची गोल. लो प्रोफाइलला ४. थोरल्या ३/८ ला ५.२ किंवा साडेपाच. एकच कानस सगळ्यांना फिरवली की कटरचं तोंड बिघडतं. कोन ३० अंश, सुक्या टणक लाकडाला २५ केला तरी चालतो, धार जास्त टिकते. प्रत्येक कटरला सारखेच हात मारा, आतून बाहेर, परतताना कानस उचलायची. आणि कटरच्या पुढे जो उंचवटा असतो, डेप्थ गेज, तो कटरपेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली हवा. कटर घासून घासून खाली येतो, उंचवटा तिथेच राहतो, मग कटर लाकडाला शिवतच नाही. तुमचं तेच झालं असणार. पण उत्साहाच्या भरात जास्त घासू नका. खोल घास घेतला की मशीन अडकतं आणि बार उसळून अंगावर येतो.

आता मुख्य. झाकण काढा, स्प्रॉकेटचा फोटो टाका.

बांधावरचा

फोटो टाकलाय. प्रत्येक दातावर आडवी चर पडलीये. नखाने चाचपली तर नख अडकतं. लहान पोराच्या पुढच्या दातात फट असते तशी.

सातपूरचा फिटर

ती फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल गेली की स्प्रॉकेट भंगारात. तुमची तर एक मिलिमीटर दिसतेय.

नीट समजून घ्या, कारण इथेच लोक पैसे घालवतात. चेन झिजते म्हणजे तिची रिव्हेटची भोकं मोठी होतात, पिच वाढत जातो. त्या वाढलेल्या पिचबरोबर स्प्रॉकेटही झिजत त्याच मापाचं होतं. दोघं एकत्र म्हातारी होतात, संसार चालू असतो. मग तुम्ही नवी कोरी चेन आणून त्या म्हाताऱ्या स्प्रॉकेटवर घालता. पिच पुन्हा जुळत नाही. तुमच्या ३/८ सारखी उडी मारणार नाही, पण प्रत्येक पाय दाताच्या कडेवर आपटत बसणार. महिन्यात चेन सैल. मग लोक म्हणतात कंपनीचा माल हलका.

साधारण दोन चेनमागे एक स्प्रॉकेट बदलायचं. दोन चेन आळीपाळीने चालवल्या तर तिघंही बरोबर झिजतात.

गोदाकाठची वखार

आणि बदलताय तर रिमवाला ड्रम मिळतो का बघा तुमच्या मॉडेलला. चांदणीसारखं स्प्रॉकेट ड्रमलाच जोडलेलं असतं, ते झिजलं की अख्खा ड्रम फेकायचा. रिमच्या प्रकारात ड्रमवर खाचा असतात आणि बांगडीसारखा रिम त्यावर नुसता सरकवलेला, तेवढाच बदलायचा. शिवाय तो थोडा आत-बाहेर सरकतो, त्यामुळे चेन बारच्या सरळ रेषेत स्वतःच येते. पुढेमागे ८ चा प्रयोग करावासा वाटला तर दहा मिनिटांचं काम.

पण ८ चा रिम घेर मोठा असतो. झाकणाला किंवा बॉडीला घासत नाही ना, हे हाताने फिरवून बघावं. चेनही थोडी आखूड पडते. ताणाच्या स्क्रूत जागा उरली नसेल तर एक-दोन पाय जास्तीची चेन लागते. आणि तेलाचं कोणी बोललंच नाही! तेलाचा पंप इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो. चेन जास्त पळाली म्हणून तेल जास्त येत नाही. तेवढंच तेल जास्त लांबीवर पसरतं. ८ दाती टाकलं आणि तेलाचा स्क्रू असेल तर तो वाढवायला हवा.

कसमादे एक्सप्रेस

तेल कुठलं? आमच्याकडे सगळे ट्रॅक्टरचं जळकं ऑइल टाकतात.

सातपूरचा फिटर

जळकं नको. त्यात लोखंडाची धूळ असते, ती पंप खाते आणि बारची खाच खाते. फुकट मिळतं एवढाच त्याचा गुण. चेनचं तेल नाही मिळालं तर नवं इंजिन ऑइल चालेल. काही जण ९० नंबरचं गिअर ऑइल टाकतात. उन्हाळ्यात ठीक. डिसेंबरात निफाडच्या पहाटे टाकून बघा, काकवीसारखं गोठून बसतं, थेंब बाहेर येत नाही. बारचं टोक कोऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून रेस द्या. तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे.

पेठरोड

माझ्याकडून एकच. द्राक्षबागेच्या कडेची झाडं असतील तर आधी तारा बघा. मांडवाची तार झाडात रुतून वरून साल चढलेली असते. आणि रस्त्याकडेच्या झाडात जाहिरातींच्या पाट्यांचे खिळे. एक खिळा लागला की दोन इंचांत सगळी धार साफ. तुमची बाभूळ ओढ्याची म्हणजे सालीत वाळू असणार. टोकदार कोपऱ्याचा कटर न घेता गोल कोपऱ्याचा घ्या, सेमी चिझल म्हणतात. थोडा हळू कापतो, पण मातीत धार सांभाळतो.

बांधावरचा

(आठ दिवसांनी)

चेन आली, शिक्का २१. ड्रमही आला, रिमवाला, ७ दातांचा. क्लच खोलताना अर्धा तास वाया गेला. डावीकडे फिरवतोय, फिरवतोय, हलेना. शेवटी आमचे ट्रॅक्टरवाले मेस्त्री आले. म्हणाले, आटे उलटे आहेत, उजवीकडे फिरव. प्लग काढून त्या भोकातून स्टार्टरच्या जुन्या दोरीचा गुंडाळा आत घातला म्हणजे पिस्टन अडतो, आणि क्लच फिरवला तर टक करून सुटला. दोरीचं टोक बाहेर ठेवायला विसरू नका, हे मला ओरडून सांगितलं गेलं.

ड्रमच्या आतलं सुयांचं बेअरिंग कोरडं ठणठणीत होतं. ग्रीस भरलं. सगळं बसवून चेन हाताने ओढली. या वेळी अडकली नाही, सायकलची उलटी फिरवावी तशी सरकली.

बार पण १८ इंची मागवणार होतो, पण खर्च ऐकून घरातून नकार आला. २२ वरच कापतोय. पूर्ण बार गाडायचा नाही, टोक बाहेर ठेवून दोन्ही बाजूंनी कापायचं, असं करून पहिली बाभूळ दीड दिवसात संपली. पहिले काही काप भुसा जाड पडत होता. दुपारनंतर बारीक व्हायला लागला तसं थांबून कानस मारली. आधी मी टाकी संपेपर्यंत थांबत नसे. आता प्रत्येक टाकीला कानस. मशीन तेच, माणूस तोच, पण धूर नाही.

सातपूरचा फिटर

जमलं. चेन पहिल्या दिवशी सैल होतेच, गार झाल्यावर ताण बघा. गरम असताना घट्ट करून ठेवाल तर रात्री आकसून क्रँकच्या बेअरिंगवर ओढ येते.

पेठरोड

दादा, त्या ७६ वाल्या नव्या चेनचं काय केलं? मला द्या. माझा बार ७२ लिंकचा आहे, चार पाय काढून रिव्हेट मारून घेतो.

सातपूरचा फिटर

बार वाचा आधी.

पेठरोड

१.६ आहे. राहू द्या.

सुटे दात

😂😂

बांधावरचा

गोठ्यात खुंटीला टांगलीये. परवा शेजारचे भाऊ आले होते, हात लावून बघत होते. म्हणाले, “कोरी दिसते की. कितीची?” मी म्हटलं, तुमचं मशीन कुठलं? म्हणाले, “ते जाऊ दे, लांबी किती आहे ते सांग.”